चाकावरच्या खोलीचं सांडपाणी

धाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बुलढाणं संपता संपता महादेवरावांचं घर होतं. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म घालवून ते पेन्शनीत निघाले आणि त्यांनी हे घर बांधलं. घराचा नकाशा त्यांचा, पण घरामागची टाकी मात्र अन्नपूर्णाबाईंच्या हट्टाची. जुन्या घरी मैला न्यायला एक बाई मागच्या दारानं यायची. एका पावसाळ्यात तिच्या डोक्यावरची पाटी गळत होती आणि ओघळ तिच्या गालावरून खाली येत होते. अन्नपूर्णाबाईंनी ते पाहिलं आणि त्या दिवशी त्यांना अन्न गेलं नाही. "नव्या घरात हे चालनार नाई," त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "साहेबाच्या बंगल्यात जमिनीखालची टाकी असते म्हनता ना, तसी बांधा. नाईतर मी नाई येत राह्याले."

टाकी झाली, आणि गाव हसायला लागलं. घरातच घाण पुरून ठेवली म्हणे. समोरच्या मनकर्णाबाई तर वर्षभर त्यांच्याकडे पाणी प्यायल्या नाहीत. पण टाकीला वास नाही, माशी नाही. टाकीतून निथळलेलं पाणी शोषखड्ड्यात जिरायचं आणि त्या अंगाला लावलेलं लिंबाचं झाड फळांनी वाकायचं. मग हळूहळू लोक गप्प झाले. मनकर्णाबाई पाणी प्यायल्या, लिंबंही मागून नेऊ लागल्या. अन्नपूर्णाबाईंनी मात्र मनात गाठ मारून ठेवली होती. टाकी बिघडली की गाव पुन्हा तोंड उघडणार.

अशा घराच्या फाटकाशी, जर्मनीची लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात, एक जुनी लॉरी येऊन थांबली. लॉरीच्या मागे चाकांवर उभी केलेली एक लाकडी खोली जोडलेली होती. तिला दार होतं, खिडकी होती, खिडकीला पडदा होता आणि पोटाखाली पत्र्याचं डबडं टांगलेलं होतं.

लॉरीतून एक उंच, वाळकासा माणूस उतरला. "मी निजाम. नांदुऱ्याचा. ठेसनापासी लॉऱ्या दुरुस्त करतो," तो म्हणाला. "इकडे धाडपावतर विहिरीवरच्या इंजिनाईचं काम मियालं हाये. तुमच्या चिंचेखाली हे उभं करू द्याल काय, साहेब? अन् एक इनंती. खालच्या डबड्यात सांडपानी जमा होते. रस्त्यावर सोडाले मन होत नाई. तुमच्याकडे जमिनीखालची शेप्टिक टाकी हाये असं आयकलं."

महादेवरावांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत टाकीची चौकशी करणारा पहिला माणूस भेटला होता. ते त्याला घेऊन घरामागे गेले. झाकणाची फरशी कोणती, पाणी कुठून आत येतं, कुठून बाहेर पडतं, सगळं दाखवलं. "हे पाय, ओतशील त इकडच्या तोंडानं. बादली-बादलीनं, दमानं. एकदम ओतलं त खालचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जाते. राख नाई, चिंधी नाई, चरबी नाई. समजलं?"

"हाव साहेब."

अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. निजाम गेल्यावर त्यांनी विचारलं, "अजी, रस्त्यानं चालनारा मानूस आधी पानी कुठीसा हाये ते इचारते. यानं टाकी काऊन इचारली?"

"स्वच्छतेचा मानूस हाये, अवं."

"असंन," त्या म्हणाल्या. पण त्या दिवसापासून स्वयंपाकघराची मागची खिडकी त्यांनी लावली नाही.

पहिल्यांदा खटकलं ते पाणी. एकट्या माणसाला लागतं किती? निजाम विहिरीवरून कळशा भरून न्यायचा आणि टाकीत बादल्या रिचवायचा, जशी आत एखादी बाळंतीणच असावी. मग खटकली भांडी. तो चिंचेखाली बसून राखेनं ती घासायचा. त्यात दोन ताटल्या असायच्या, आणि दुसरी ताटली तो पुन्हा उकळत्या पाण्यात बुडवायचा. पडदा कधी सरकत नव्हता. बाहेर पडताना निजाम दाराला बाहेरून कडी घालायचा आणि कडीला तार पिळायचा.

आणि बादलीचा वास. मैल्याचा वास त्यांना ठाऊक होता. हा तसा नव्हता. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात येतो तसा, नाकाच्या मुळाशी झोंबणारा वास होता तो. पाणी दुधाळ दिसायचं.

"दारू गाळून राह्यला तो," मनकर्णाबाईंनी निकाल दिला. लिंबं न्यायला आल्या होत्या, पण नजर चिंचेखाली. "सडवा टाकते तुमच्या टाकीत. उद्या पोलीस आले म्हंजे तुमच्या घरी येतीन, त्याच्या नाई."

"दारूचा वास मले समजते, बाई. हा तो नाई."

"मंग कोनाची तरी पोरगी पळवून आनली असंन. नाईतर बाहेरून कडी कायले?"

अन्नपूर्णाबाईंनी लिंबं तिच्या पदरात टाकली. पण ती गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. दुपारी कपडे वाळत घालताना त्यांनी कान दिला आणि खोलीतून आवाज आला. खोकल्याचा. दाबलेला, उशीत तोंड खुपसून खोकावं तसा. निजाम त्या वेळी समोर, लॉरीखाली आडवा पडून काम करत होता.

"आत कोन हाये रे?" त्यांनी विचारलं.

निजाम लॉरीखालून सरपटत बाहेर आला. हात पुसत राहिला. "कोनी नाई, माय. लाकूड तापलं का वाजते."

लाकूड खोकतं हे त्यांनी प्रथमच ऐकलं होतं.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं. महादेवराव हसले. "तुले त साऱ्यातच काळंबेरं दिसते." पण त्याच आठवड्यात त्यांचं हसू मावळलं. टाकी घाण मारू लागली. आधी सकाळच्या वाऱ्यावर थोडीशी, मग दिवसभर. लिंबाच्या बुडाशी जमीन पचपचीत झाली आणि काळं पाणी वर आलं. रस्त्यानं जाणारे लोक नाकाला पदर, रुमाल लावू लागले. मनकर्णाबाईंनी लिंबं नेणं बंद केलं आणि समोरच्या ओट्यावरून मोठ्यानं म्हणाल्या, "आमी आधीच सांगत होतो."

महादेवरावांनी फरशी उचलून पाहिली. काठीनं ढवळलं. "मेली," ते म्हणाले. "टाकी मेली हाये. यात जंतू असतात, अवं. तेच घाण खातात. त्याईलेच कोनंतरी मारलं."

धाडच्या बाजाराचा दिवस होता. निजाम लॉरी सोडवून एकटाच गेला होता आणि खोली चिंचेखाली उभी होती. महादेवराव तालुक्याच्या कचेरीत कोणाला तरी विचारायला निघून गेले. अन्नपूर्णाबाईंनी पदर खोचला, खोलीपाशी गेल्या, कडीची तार सोडली आणि दार ओढलं.

आत अंधार, आणि तोच झोंबरा वास. पडद्याच्या फटीतून आलेल्या उजेडात खाटेवर एक बाई बसलेली दिसली. पळवून आणलेली पोरगी नव्हती ती. तिशी ओलांडलेली, गालाची हाडं वर आलेली, डोळे मोठे आणि ओले. तिनं पटकन तोंडावर ओढणी घेतली आणि दुसरा हात पुढे केला.

"आत नका येऊ, माय. तिथीच उभ्या राहा. वाऱ्याच्या तोंडी नका राहू."

"कोन हायस तू? तुले कोंडलं काय यानं?"

"नाई, नाई. मी नूरबी. त्याईची बायको." ती थांबली, धाप लागली होती. "कडी मीच घालाले लावते. लेकरं येतात पाहाले, गाडीत काय हाये म्हनून. कोनाचं लेकरू आत आलं त?"

खाटेखाली थुंकायचा, झाकणाचा एक पेला होता. शेजारी दवाखान्यात असते तशी कार्बोलिकची काळी बाटली. अन्नपूर्णाबाईंना सगळं एकदमच कळलं. पेल्यात काय असतं, तो कशानं धुतला जातो, ते धुवण कुठे जातं. त्यांची पावलं आपोआप मागे सरली. क्षय. त्यांच्या अंगणात, त्यांच्या विहिरीच्या काठाशी, त्यांच्या टाकीत.

"डाक्तरनं सांगतलं, नांदुऱ्याची हवा सोड," नूरबी बोलत होती. "सरकी काढाच्या जिनातला कापूस उडते, श्वासात जाते. वर डोंगरावर जा म्हने, कोरडी हवा. घर कोन देते? म्हनून त्याईनं हे बनवलं. मोताळ्याले उभे राह्यलो त लोकाईनं गोटे मारले. राजूरचा घाट चढाच्या आधीच मी म्हटलं, आता कोनाले सांगूच नका."

अन्नपूर्णाबाई घरात आल्या आणि हात धूत राहिल्या. आधी राग आला, इतका की कळशी आपटली. मग भीती वाटली. आणि दोन्हींच्या खाली आणखी काही तरी होतं, ज्याकडे त्यांना बघायचं नव्हतं.

निजाम परतला तेव्हा दाराची तार जमिनीवर पडलेली होती. तो अंगणात येऊन उभा राहिला. महादेवरावही आले होते. बायकोच्या तोंडून ऐकून त्यांचा रंग उडाला होता.

"आत्ताच्या आत्ता गाडी हलव," ते म्हणाले. "माह्या घरात तू रोग ओतला. अन् कार्बोलिक! त्यानंच टाकीतले जंतू मेले! मी तुले काय काय नको टाकू म्हनून सांगतलं होतं?"

"चरबी, राख, चिंधी," निजाम खाली मान घालून म्हणाला. "कार्बोलिकचं तुमी बोलले नाई, साहेब. डाक्तर म्हने, सारं कार्बोलिकनं धुवाचं, म्हंजे कोनाले लागत नाई. तुमाले लागू नाई म्हनूनच जास्त टाकत होतो."

"खोटं काऊन बोलला?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. "लाकूड वाजते म्हने!"

निजामनं वर पाहिलं. "खरं सांगतलं असतं, त उभं राहू दिलं असतं, माय?"

अन्नपूर्णाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांना खोटं बोलता येईना. "नाई," त्या म्हणाल्या. "नसतं दिलं."

मग महादेवराव म्हणाले, "आता टाकी उपसा लागन. तिच्यात उतरनारा मानूस बोलवा लागन."

"मानूस नाई उतरनार," अन्नपूर्णाबाई ताडकन म्हणाल्या. "त्याच्यासाठीच टाकी बांधली होती ना? कोनाच्या डोक्यावर ते नाई चढनार." त्या निजामकडे वळल्या. "तू इंजिनं दुरुस्त करतेस ना? विहिरीचं पानी वर येते, मंग हे येत नाई काय?"

"येते," निजाम म्हणाला. "पंप आनतो."

"आन. मांगच्या वावरात खोल खड्डा कर, त्यात सोड, वरून माती टाक. टाकी साफ झाली का मंग पाहू, जातेस का राह्यतेस."

महादेवरावांनी बायकोला घरात नेऊन समजावलं, धमकावलं, शेवटी हात जोडले. "अवं, आपल्याकडे लेकरंबाळं येतात सुट्टीत!"

"मले भेव वाटत नाई असं थोडीच हाये?" त्या म्हणाल्या. "पन अजी, त्याले हाकललं त तो पुढच्या गावी जाऊन हेच करन. लपून. तिथं टाकीबी नसंन, नाल्यात ओतंन. इथं मी पाहात त राहीन."

भर दुपारी निजामनं इंजिन लावलं. गाव कुंपणावर लोटलं. मळकट पाणी नळीतून धडधडत वावराच्या खड्ड्यात पडत होतं आणि निजाम कमरेपर्यंत बरबटला होता. कोणी थुंकलं, कोणी शिवी दिली. अन्नपूर्णाबाई तोंडाला पदर लावून शेवटपर्यंत उभ्या होत्या. टाकी रिकामी झाल्यावर, नवे जंतू धरावेत म्हणून, त्यांनीच शेणाचा काला करून घागरीनं आत ओतला. तोंडानं महादेवराव अजून नको म्हणत होते, पण घागरी भरून देत होते.

निजाम राहिला. पण अन्नपूर्णाबाईंच्या अटींवर. पेल्यातलं जाळायचं. कार्बोलिकचं धुवण विहिरीपासून लांब, चुन्याच्या वेगळ्या खड्ड्यात. टाकीत फक्त साधं सांडपाणी, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. प्रत्येक बादलीचा वास घेतल्याशिवाय त्या ओतू देत नसत. निजाम निमूटपणे बादली पुढे धरायचा. एकदा मात्र म्हणाला, "माय, अजून भरवसा नाई?"

"नाई," त्या म्हणाल्या. "ओत."

खोलीचा पडदा आता उघडा असायचा. सकाळच्या उन्हात नूरबी बाहेर खाटेवर बसायची आणि अन्नपूर्णाबाई ओट्यावरून तिच्याशी बोलायच्या. मधे अंगणभर अंतर. बोलणं मोठ्यानं व्हायचं, त्यामुळे सगळ्या आळीला ऐकू जायचं. नूरबीनं एकदा विचारलं, "माय, माह्यामुळं तुमच्या घरी कोनी येत नाई ना?" मनकर्णाबाईंचं दार तेव्हा समोर धाडकन लागलं होतं. "त्या आधीबी येत नव्हत्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "लिंबासाठी येत होत्या."

नूरबी हसली, आणि हसण्यानं तिला खोकला आला.

टाकीचा वास गेला. लिंबाच्या बुडाशी जमीन कोरडी झाली. पण अन्नपूर्णाबाई विहिरीचं पाणी उकळूनच प्यायल्या, आणि नूरबीला ते कळू दिलं नाही. शिमगा जवळ आला, ऊन चढलं, तेव्हा निजामनं लॉरी जोडली. चिखलदऱ्याला जाणार होता, आणखी उंचावर. नूरबीनं खिडकीतून हात हलवला. अन्नपूर्णाबाईंनी फाटकापर्यंत जावंसं वाटूनही ओट्यावरूनच हात केला.

पुढच्या हिवाळ्यात निजाम एकटाच आला. लॉरीमागे काही नव्हतं. तो फाटकाशी उभा राहिला आणि अन्नपूर्णाबाई ओट्यावरून उतरल्या.

"पानी पडाच्या आधी गेली," तो म्हणाला. "खोली जाळून टाकली. डाक्तर म्हने, ठेवू नको." मग म्हणाला, "तुमची आठवन काढत होती. म्हने, त्या बाईजवळ खोटं बोलावं लागत नव्हतं."

अन्नपूर्णाबाई पाणी घेऊन आल्या. निजामनं वरून ओतून घ्यायला ओंजळ पुढे केली. "हातात नको," त्या म्हणाल्या, "गडू घे." तो गडूनं प्यायला, तोंड पुसलं, सलाम केला आणि गेला.

त्यांनी गडू इतर भांड्यांत ठेवला. जरा वेळ तिथेच बसून राहिल्या. मग उठल्या, गडू वेगळा काढला, राखेनं घासला, आणि स्वतःचाच राग येत असताना पुन्हा एकदा घासला.