चंद्रभानची सही

"आधी हात धुवा," शकुबाई म्हणाली. "मागच्या साली कागदाले तुमच्या अंगठ्याचं ग्रीस लागलं, तं बाबूनं तो वापस केला."

"सायकलवाल्याची सही ग्रीसशिवाय खरी नसते, हे त्या बाबूले काय मालूम?" चंद्रभान म्हणाला, पण उठला. ज्या घमेल्यात तो पंक्चर शोधायचा त्याच घमेल्यात त्यानं हात बुडवले, पायजम्याला पुसले आणि कागद डोळ्यांसमोर धरून मोठ्यानं वाचायला लागला. "'सदर महिलेने पुनर्विवाह केलेला नाही, असे मी माझ्या माहितीप्रमाणे प्रमाणित करतो.' माझ्या माहितीप्रमाणे! शकुबाई, या गोष्टीची माह्याइतकी पक्की माहिती अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणापाशी आहे, सांगा बरं?"

शकुबाईनं पदर तोंडाशी नेला. हसू आवरेना तिला. कारण ज्याला तिच्याशी लग्न करायचं होतं तो माणूस हाच होता, आणि तिनं दुसरं लग्न केलेलं नाही असं दर वर्षी सरकारला लिहून देणारा पंचही हाच होता.

पवनारच्या बसथांब्याजवळ चंद्रभानचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ग्रामपंचायतीत तो दर खेपेला बिनविरोध निवडून यायचा, कारण त्याच्याशी भांडण घेतलं तर सायकल हातानं ढकलत वर्ध्याला जायची पाळी आली असती. पंच असल्यामुळे त्याची सही ऑफिसात चालायची. बायको पहिल्या बाळंतपणातच गेलेली, घरात एक म्हातारी आई. माणूस बोलायला फटकळ, पण मनानं लोण्याचा.

शकुबाईचा नवरा, शिपाई रूपराव, एकाहत्तरच्या लढाईत कामी आला तेव्हा मुलगी नलू सहा वर्षांची होती. शकुबाईला पेन्शन मिळाली, एक शिलाई मशीन मिळालं, आणि शहीद जवानाची मुलगी म्हणून नलूला फी माफ झाली. कॉलेजपर्यंत माफ राहील, पुढे बाहेरगावी गेली तर वसतिगृहाचंही होईल, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं. त्या दिवशी शकुबाई घरी येऊन रडली. सुखानं रडली की दुःखानं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

रूपराव चौथीपर्यंतच शिकलेला. पलटणीत त्याची पत्रं दुसराच कोणी लिहून द्यायचा, आणि बायकोला सांगायचं ते परक्यापुढे कसं बोलायचं म्हणून बिचारा नुसती पाऊसपाण्याची आणि बैलांची खुशाली विचारायचा. शेवटच्या सुट्टीत तो म्हणाला होता, "शकू, पोरीले शिकवजो. तिच्या मनातलं लिवाले तिले दुसऱ्याचा हात लागला नाई पाह्यजे." शकुबाईनं हे कोणाला सांगितलं नाही. पण नलूला शिकवायचं, यावर ती अडून बसली ती तेव्हापासून.

चंद्रभाननं विचारलं ते सत्याहत्तर साली. शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता आणि सायकलवाल्याला काय, चाक दिसलं की झालं, म्हणून तो दुरुस्तीला आला होता. पट्टा बसवता बसवता, मान वर न करता तो म्हणाला, "आपल्यात पाट चालते."

"चालते," शकुबाई म्हणाली.

"मंग?"

विधवेनं दुसरं घर करण्यात त्यांच्या जातीत कमीपणा नव्हता. शकुबाई तिशीच्या आत होती. तिला हा माणूस आवडत होता, आणि आवडत होता हे तिनं स्वतःपाशी कधी लपवलंही नव्हतं. पण ती म्हणाली, "पोरीच्या शाळेचं काय होईल?"

याचं उत्तर गावात एकाच माणसाकडे असणार असं सगळे धरून चालत, ते म्हणजे सरपंच अण्णाजी. अण्णाजींची टोपी कडक इस्त्रीची असे आणि नागपूरची सारी ऑफिसं आपण पालथी घातली आहेत असं ते सांगत. चंद्रभाननं पानाच्या ठेल्यावर सहज विषय काढला, नाव न घेता. अण्णाजींनी सुपारी कातरता कातरता निकाल दिला, "विधवा आहे तवरिकच सवलत. पाट लावला का पेन्शन बंद, लेकराची फी माफी बंद, सगळं बंद."

पेन्शनीबद्दल ते बरोबर बोलले होते, म्हणून बाकीचंही बरोबर असेल असं दोघांनी मानलं. साफ खोटं बोलणारा माणूस परवडला. अर्धं खरं बोलणाऱ्यावर आपण सबंध विश्वास टाकतो.

"पेन्शन गेली तं जाऊ द्या," चंद्रभान तिला म्हणाला. "दुकानावर आपलं भागते. पण कॉलेजचं माह्यानं होणार नाई, खोटं कायले बोलू? पोरगी शिकू द्या. मंग पाहू."

कोणी म्हणेल, ऑफिसात जाऊन एकदा विचारलं का नाही? म्हणणाऱ्याचं काय जातं! सैनिक बोर्डाच्या ऑफिसात शकुबाई जायची तेव्हा तिच्या मागंपुढं तिच्यासारख्याच बायका रांगेत असायच्या, कोणी देवळीची, कोणी वडनेरची. त्यांच्यादेखत, नवऱ्याच्या मरणाचे कागद हातात धरून, "मी लग्न केलं तर काय होईल हो?" असं विचारायचं? ती परतीच्या बसमध्ये बसायच्या आधी ती गोष्ट पवनारला पोचली असती. आणि चंद्रभाननं विचारावं, तर सहीवर नाव त्याचंच. तेव्हा तो प्रश्न दोघांनी मनात ठेवला, आणि दर वर्षी तो सही करत राहिला.

एक मात्र झालं. आधी सगळ्या गावासारखी शकुबाईही त्याला 'चंद्रभानभाऊ' म्हणायची. तो पट्टा बसला त्या दिवसापासून तिनं त्यातला भाऊ गाळला. 'चंद्रभानजी' म्हणायला लागली. गावाच्या लक्षात आलं असेल, पण कोणी बोललं नाही. त्यांच्यात चोरटं असं कधी काहीच घडलं नाही. तो दुकानात, ती मशीनवर. संक्रांतीला ती नलूच्या हाती तिळगूळ पाठवायची आणि तो नलूच्या सायकलला नवी घंटी बसवून द्यायचा. एवढ्यावर वर्षं काढली दोघांनी.

त्र्याऐंशी साली चंद्रभानची आई अंथरुणाला खिळली. म्हातारीला उठवायला, बसवायला, धुवायला बाईमाणूस हवं होतं. नातेवाइकांनी तळेगावची एक विधवा पाहिली, रुख्माबाई, पोरबाळ नसलेली, कामाला वाघीण. चंद्रभान शकुबाईच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"तुमी सांगा," तो म्हणाला. "तुमी म्हणाल तसं करतो."

नलू तेव्हा नुकतीच बारावी झाली होती. पुढे बी. ए.ची तीन वर्षं, मग बी. एड. शकुबाईला एकदा वाटलं, म्हणावं की थांबा. मग तिला आतल्या खाटेवर पडलेली ती म्हातारी दिसली.

"आणा," ती म्हणाली. "म्हातारीले माणूस पाह्यजे. थांबाचं म्हटलं तं किती थांबाल?"

"तुमाले वाईट..."

"चंद्रभानभाऊ," शकुबाई म्हणाली, "रुख्माबाईच्या मापाचा एक पोलका पाठवजा. लगनाचा पोलका मी शिवून देतो."

तिनं खरोखरच शिवून दिला. हिरव्या खणाचा, बाह्यांना जर लावून. इतका नीट बसला की रुख्माबाई पुढे दुसऱ्या कोणाकडे शिवायला गेलीच नाही. बाई गुणाची निघाली. म्हातारीचं तिनं शेवटपर्यंत केलं. तिचा राग राग करायला शकुबाईला एकही निमित्त मिळालं नाही, आणि हे जास्त जड गेलं.

नलूला हे सगळं कळत होतं. अठरा वर्षांच्या पोरीला कळणार नाही तर कोणाला कळणार? त्या लग्नाच्या दिवशी रात्री ती जेवली नाही. आपल्यापायी आईचं दुसरं घर व्हायचं राहिलं, हे तिच्या मनात रुतून बसलं, आणि ती खालमानेनं अभ्यास करत राहिली.

शहाऐंशीच्या जूनमध्ये ती बी. ए. झाली. नागपूरला बी. एड.ला नाव लागलं. शहीद जवानाची मुलगी असल्याचा दाखला घ्यायला ती एकटीच वर्ध्याला गेली. ऑफिसातले वासुदेवराव निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर चढवून बसायचे. दाखल्यावर शिक्का मारून त्यांनी कागद पुढे केला, तरी नलू हलली नाही.

"साहेब, एक विचारू? आमच्या गावातल्या एकीचं आहे."

"विचार."

"तिनं दुसरं लग्न केलं, तर तिच्या मुलीची फी माफी बंद होते ना?"

होते, असं त्यांनी म्हणावं म्हणून नलूनं जीव मुठीत धरला होता. तेवढं एकदा ऐकलं की झालं, मग निदान सगळं व्हायचंच होतं असं तरी म्हणता आलं असतं.

वासुदेवरावांनी चष्मा खाली घेतला. "पेन्शनीचं येगळं. त्याचा नियम येगळा. लेकराची फी कायले बंद होईल?" ते म्हणाले. "ते सवलत बापाच्या नावानं आहे, बाई. मायनं लगन केलं म्हून लेकराचा बाप बदलते का?"

पवनारची बस समोरून निघून गेली तरी नलू स्टँडवर तशीच बसून होती.

संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. शकुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं पहिल्यांदा विचारलं, "कोणाचं नाव घेऊन इचारलं तुवं?"

"कोणाचंच नाही, माय."

"बरं केलं." तव्यावरची भाकरी तिनं उलटली, शेकली, टोपलीत ठेवली. मग दुसरी थापायला पीठ घेतलं आणि हात तसाच परातीत राहिला. "पेन्शनीच्या कागदावर लिवलं होतं, तं म्या समजलो सारंच तसं आहे," ती म्हणाली. आणि एकदम तिचा बांध फुटला. "मरो तो अण्णाजी! अन् मी तरी! तोंड नव्हतं मले? एक डाव इचारलं असतं, पोरी... एकच डाव!"

नलूनं आईला धरलं. आईला असं रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं, बापाच्या वेळचं तिला आठवत नव्हतं. चुलीतलं लाकूड विझत आलं तरी दोघी उठल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं नलू म्हणाली, "मी चंद्रभानकाकाले सांगून येऊ? त्याईले कळलं पाह्यजे."

"खबरदार!" शकुबाईनं डोळे पुसले. "त्या माणसाले वाटते का त्यानं तुले शिकवलं. आपण थांबलो म्हून पोरगी शिकली, असं वाटते त्याले. ते काढून घेशील तं त्याच्यापाशी काय राहील? अन् त्या रुख्माबाईनं तुहं काय बिघडवलं? सुखानं खाऊन राह्यली ते, तिच्या घासात खडा टाकशील?"

"अन् तू, माय?"

"माह्यं काय," शकुबाई म्हणाली. "मले आता ठाऊक झालं. आपल्या घरात एकाले ठाऊक असलं तं पुरे. आन, तुहं ताट आन."

आठ दिवसांनी नलू नागपूरला निघाली. तिची ट्रंक चंद्रभाननं सायकलच्या कॅरिअरवर बांधली आणि ढकलत थांब्यावर आणली. मागून शकुबाई आणि रुख्माबाई. रुख्माबाईनं चिवड्याचा डबा केला होता आणि तो हातात घेऊन चालताना ती दर चार पावलांवर नलूला सांगत होती की झाकण घट्ट लाव, नाही तर सादळेल.

थांब्यावर ओळखीची माणसं होतीच. चंद्रभानला त्या दिवशी बोलायला कोणी लागत नव्हतं. "बी. एड. करून राह्यली आपली पोट्टी! मास्तरीण होऊन येईल," तो ज्याला त्याला सांगत सुटला. "दर साली म्या सही केली, पंच म्हून. लोक म्हणतात सह्या करून काय होते. हे पाहा काय होते! आपल्या सहीनं शिकली. का जी, शकुबाई?"

नलूनं आईकडे पाहिलं.

शकुबाईचा चेहरा हलला नाही. "तं काय," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तुमच्याच सहीनं शिकली, भाऊ. तुमी नसते तं कायची शिकते?"

चंद्रभान लाजला. पन्नाशीला आलेला माणूस, पण कानापर्यंत लाजला, आणि उगीचच सायकलचा ब्रेक दाबून पाहायला लागला. तेवढ्यात नागपूरची बस आली. कंडक्टर घाई करत होता. ट्रंक टपावर गेली.

नलू बसच्या पायरीपाशी गेली आणि परत फिरली. आईपाशी येईल म्हणून शकुबाईनं हात पुढे केला होता. पण नलू आधी चंद्रभानपुढे वाकली आणि तिनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अवं, अवं!" तो दोन पावलं मागे सरला. "आधी मायच्या, बेटा! आधी मायच्या पडा लागते."

"पडू द्या," शकुबाई म्हणाली. "बरोबर करून राह्यली ते."