आजींचा हात आणि ठकीची हनुवटी

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बाईला एका पोरीला जेवू घालणं म्हणजे काय मोठं! आजींनी सुनेला तसं ऐटीत सांगितलंही होतं. "तू बिनघोर जा कामावर. माझ्या हातचं खाऊन आजवर कुणाला काही झालेलं नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नात ठकी, वय तीन. तिला दूध चालत नव्हतं, गहू चालत नव्हता, अंडं आणि शेंगदाणे तर घरातसुद्धा नकोत. उरला मऊ भात आणि लाल भोपळा. तिचं पातेलं वेगळं, चमचा वेगळा, भांडी पुसायचं फडकंही वेगळं. तरी सून कामावर रुजू झाली त्याच दिवशी दुपारी ठकीच्या तोंडाभोवती लाल चट्टे उठले. दुसऱ्या दिवशीही तेच.

आजींनी आधी भोपळ्याला दोष दिला, मग साबणाला, मग हवेला. सुनेच्या केसांच्या तेलावरही त्यांचा संशय गेला, पण तो त्यांनी गिळला. नाचता येईना अंगण वाकडं!

"आई, असंच चाललं तर मला नोकरी सोडावी लागेल," सून म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

तिसऱ्या दिवशी तिने रजा घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली. परीक्षा द्यायला बसवल्यासारखं वाटून आजींना घाम फुटला. धीर यावा म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे दुधाचा दाट चहा घेतला, त्यात बिस्कीट बुडवून खाल्लं आणि ठकीला मांडीवर घेतलं. चमचा भरला, फुंकर घातली, ओठांना लावून पाहिला आणि ठकीच्या तोंडाशी नेला.

"आई, थांबा!"

"अगं, पोळेल ना तिला!"

"अहो, ओठांवर चहा आहे तुमच्या! बिस्किटाचा चुरासुद्धा!"

आजींनी पदराने तोंड पुसलं. काखेत कळसा नि गावाला वळसा! दोष घरभर शोधत होत्या, आणि दूध नि गहू दोन्ही त्यांच्याच मिशीत बसले होते. वयाबरोबर आलेल्या त्या मिशीला त्या आजवर नाकारत होत्या, ते वेगळंच.

"चहा सोडते," त्या पडेल आवाजात म्हणाल्या.

"नको. तुम्ही चहा सोडलात तर घरात कुणाला जगू द्याल का? तिचं जेवण झाल्यावर घ्या."

पण चमचा ओठांना लावायची खोड हाताला जडलेली, ती थोडीच आवरणार! म्हणून दुसऱ्या दिवशी आजींनी तोंड स्वच्छ धुतलं, दोन ताटल्या मांडल्या आणि ठकीसोबत तोच अळणी भोपळाभात खायला बसल्या. पहिला घास घशाखाली उतरेना.

"छान?" ठकीने विचारलं.

"अमृत!"

"मग तूच खा."

दोन्ही ताटल्या रिकाम्या व्हायला बराच वेळ लागला. ठकीची निम्मी ताटलीही आजींनाच संपवावी लागली.

संध्याकाळी सून घरात शिरली ती चपलांसकट. तिने ठकीची हनुवटी उजेडाकडे वळवून पाहिली, मग सासूचीही. दोन्ही स्वच्छ होत्या.

"उद्या मला यायला उशीर होईल हं, आई," ती म्हणाली आणि मगच चपला काढायला दाराशी गेली.