चार वाजताची भरती

खडकीच्या कारखान्यात संपतराव काळोख्यांनी अडतीस वर्षं भोंग्यावर काढली. भोंगा झाला की डबा उघडायचा, भोंगा झाला की मिटायचा. सूर्यसुद्धा आपल्या खात्याला विचारूनच उगवतो असा त्यांचा समज होता, आणि सूर्यानंही तो कधी खोटा पाडला नाही.

निवृत्तीनंतर ते वसाहतीच्या निसर्गमंडळाचे सहलप्रमुख झाले. यंदा मात्र नसीमबानूंचं नाव पुढे आलं. त्या शाळेतल्या निवृत्त बाई, माहेर कोकणातलं. खाडीच्या अभयारण्याची सहल झाली की तिथेच हात वर करून नवा प्रमुख निवडायचा होता. संपतरावांचा त्या खुर्चीत जीव अडकला होता.

सकाळी नऊला बस किनाऱ्यावर पोचली. ऊन कडकडीत. समोर ओल्या वाळूची वाट, टोकाला बगळ्यांचा खडक.

"पाणी चारला येतं," संपतराव म्हणाले. "गेल्या रविवारी मी घड्याळ लावून बघून गेलोय."

"भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, काळोखेसाहेब. आठवड्यात सगळं उलटं होतं. आज दहालाच वाट बुडेल."

"बाई, तुमच्या माहेरच्या समुद्राला शिस्त नसेल, त्याला मी काय करू?"

मंडळी खडकावर गेली. पावणेदहाला आभाळ भरलं, पाऊस आडवा झोडपू लागला, वाळूवर पाणी चढलं. नसीमबानू सतरा माणसं घेऊन परतल्या. संपतराव हलले नाहीत. वाऱ्यानं त्यांची छत्री नेली. ती कात्रजच्या घाटात एका टेम्पोच्या टपावर उतरली म्हणतात, आम्ही तपासलेलं नाही. मग धुकं आलं, मग पुन्हा ऊन. बगळे त्यांच्याकडे बघत होते, कारकून चुकीच्या खिडकीशी आलेल्या माणसाकडे बघतो तसे.

बाराला नसीमबानूंनी एका कोळ्याला होडी घेऊन धाडलं.

"चला साहेब, पाणी गुडघ्याला लागलंय."

"ते वेळेआधी आलंय. मी धरत नाही."

कोळी तंबाखू मळत निघून गेला.

दोनला पाणी छातीशी आलं. किनाऱ्यावर जेवणं उरकली होती. मंडळातल्या श्यामनं विचारलं, "नसीमबानूबाईंसाठी कोण कोण?" सतरा हात वर झाले. संपतरावांनी ते खडकावरून मोजले. तेवढ्यात तोंडात खारट लाट शिरली, आणि होडी बोलावायला त्यांनी हात वर केला.

श्यामनं तिकडे निवांत पाहिलं.

"साहेबांचाही आला. एकमतानं, असं लिहा."

आधी ते लिहून झालं, मग होडी सुटली.