दोन बोटे आखूड बाही

मी एक जुने शिलाई मशीन आहे. मित्रांनो, चार घरे पाहावीत अशी मलाही हौस होती. पण कारखान्यातून निघाले ते थेट तुरुंगाच्या शिवणखोलीत. माझे पाय बोल्टने फरशीत आवळले आहेत. समोर भिंत, वर जाळीची खिडकी. चोवीस वर्षे मी एवढेच पाहते आहे.

माझ्यावर चोर बसले, दरोडेखोर बसले. मग एक शिंपी आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी मोर्चासाठी कापडी फलक शिवला होता आणि त्यावर 'आमचंही ऐका' अशी अक्षरे टाचली होती. एवढ्यासाठी सक्तमजुरी! रोज कैद्यांचे बारा सदरे शिवायचे. एक जरी कमी पडला तरी घरच्यांची भेट बंद.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी मला तेल घातले. इतकी माया मला कोणी लावली नव्हती. खोटे कशाला बोलू, त्यांच्या हाताखाली मी धागा तोडायचेही सोडले.

दर सोमवारी तुरुंगाचे साहेब माझ्या फळीवर माफीनामा ठेवत. "सही करा नि घरी जा." मास्तर त्यावर कात्री ठेवून कामाला लागत.

सदरे मापाच्या चिठ्ठीवरून शिवायचे असतात. चिठ्ठीवर नाव नसते, नुसता नंबर. एकदा बायकांच्या विभागातून चिठ्ठी आली. उजवी बाही डावीपेक्षा दोन बोटे आखूड. मास्तरांचा पाय थांबला. त्यांच्या मुलीचा हात लहानपणी मोडून वाकडा जुळला होता. तिचा प्रत्येक झगा त्यांनीच शिवला होता.

"माझीच आहे," ते शेजारच्या कैद्याला म्हणाले. "तिलाही आणलं."

सोमवारी साहेब म्हणाले, "आता तरी सही करा. दोघांना सोडतो."

या वेळी मास्तरांनी माफीनाम्यावर कात्री ठेवली नाही. "एक आठवडा द्या," म्हणाले. मला फार भीती वाटली.

वाढत्या मुलांच्या कपड्यांत शिंपी जास्तीचे कापड खाली दुमडून ठेवतात. मूल वाढले की ते उसवायचे. इथे कापड मोजून मिळते. मास्तरांनी आपल्याच सदऱ्याची पट्टी फाडली आणि तिच्या सदऱ्यात दुमडून शिवली.

"मास्तर, तुमचा सदरा आखूड कसा झाला?" मुकादमाने विचारले.

"धुऊन आटला. इथं माणसं आटतात, सदऱ्याचं काय घेऊन बसलात!"

शनिवारी डागडुजीच्या ढिगात तो सदरा परत आला. बटण मुद्दाम तोडलेले. दुमडलेले कापड उसवून खाली सोडलेले आणि कडेला बारीक हातशिलाई, मास्तरांनीच तिला शिकवलेली. त्यांनी तो सदरा तोंडाशी धरला आणि ते रडले.

"वाढली की पोरगी," ते म्हणाले.

सोमवारी त्यांनी माफीनाम्यावर कात्री ठेवली. "साहेब, ती मोठी झालीय. तिच्या वाटची माफी मी कशी मागू? तिलाच विचारा."

साहेबांनी विचारले. तीही नाही म्हणाली. दोघांमध्ये एक भिंत आहे आणि भेट बंद आहे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मशीनला वेळच्या वेळी तेल घाला. आणि कोणाचे म्हणणे पटले नाही, तर त्याच्याशी खुशाल भांडा, पण त्याच्या मापाची चिठ्ठी माझ्याकडे पाठवू नका. मास्तरांना नाही म्हणता आले, त्यांच्या मुलीलाही आले. मला येत नाही. चाक फिरले की मी शिवते.