अकरा घरांचा भात

"ताट घेऊन जा रेश्मे," धोंडाबाई दार अर्धंच उघडून म्हणाली. "करंज्या नगं आमाला यंदा."

"का गं काकू? गोड बंद केलंस का?"

"तसं न्हाई." धोंडाबाईने गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. "नातवाचं इंजेक्शन हाय न्हवं परवा? त्याला घिऊन येते तुझ्याकडं. पर हे नगं."

दार लागलं. आतून कडीही लागली. धरणाकाठच्या या गावात भरदुपारी कुणी कडी लावत नाही, हे उपकेंद्रावर वीस वर्षं नर्स असलेल्या रेश्माला चांगलं ठाऊक होतं. हे सातवं घर. सुई चालते आणि करंजी चालत नाही, याला काय म्हणायचं?

खरं तर तिला सगळं माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी देवळापुढे बैठक झाली. गावात ख्रिस्ती घर एकच, तिचं, आणि तेवढ्याच घराला बोलावणं नव्हतं. नाताळचं ताट जो घेईल त्याला नंतर बघून घेऊ, असं ठरलं म्हणे. सगळ्यात मोठा आवाज इंद्रजितचा. त्याच्या रिसॉर्टच्या फाटकावर त्याच आठवड्यात दुमजली सांताक्लॉज उभा राहिला होता आणि वेटर लाल टोप्या घालून हिंडत होते. धंद्याचा नाताळ वेगळा आणि शेजारच्या घरातला वेगळा, असं त्याचं मत असावं.

रेश्माच्या लहानपणी तेवीस डिसेंबरला गल्लीतल्या बायका आपापलं लाटणं घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायच्या. समोरची साळूबाई करंजीला मुरड घालायची. तशी मुरड रेश्माच्या आईला, रूथबाईला, जन्मात जमली नाही, आणि साळूबाई ते दरवर्षी चारचौघींत ऐकवायची. पप्पा गावच्या पाण्याच्या पंपावर होते. ते चुलीवर वाळूच्या पातेल्यात केक भाजायचे आणि तो न चुकता बुडाला करपायचा. चोवीस तारखेला रेश्मा आणि धाकटा पियूष रुमालाखाली ताटं झाकून अकरा घरं फिरायची. ताट रिकामं परत करायचं नाही ही गावाची रीत. भाताचं गाव, मग ताटात यायचा ओंजळभर तांदूळ. कोपऱ्यावरच्या म्हसूचा आंबेमोहर, कुणाचा इंद्रायणी, कुणाचा नुसताच जाडाभरडा. अकरा घरांच्या त्या तांदळाचा नाताळचा भात एकाच पातेल्यात शिजायचा. अर्धा गिच्च, अर्धा कच्चा! पियूष नाक मुरडायचा. पप्पा म्हणायचे, "गप खा. आख्खं गाव जेवतंय आपल्या घरात."

पप्पा गेले. पियूष लांब चांद्याला फ्लॅट घेऊन राहिला. काचबिंदूने रूथबाईची दृष्टी गेली. हा भात मात्र एकही वर्ष चुकला नाही. बैठकीचं रेश्माने आईला सांगितलंच नव्हतं. हे गाव आपलं आहे एवढ्या एका गोष्टीवर म्हातारी तग धरून होती. ती गोष्ट आपल्याच तोंडून कशी काढून घ्यायची?

आठव्या घराला कुलूप होतं आणि पायरीवर चपलांचे चार जोड. नवव्या घरात कोंडिबाने ताटाला हात लावला, पण आतून सुनेने खोकून दाखवलं आणि त्याने हात मागे घेतला. दहाव्या घरी कुणी ओ दिली नाही. एव्हाना एक मोटरसायकल तिच्या मागेमागे येत होती. वर दोघे. एकाने मोबाइल तिच्यावर आणि दारांवर रोखून धरला होता.

शेवटचं घर साळूबाईचं. पुढचं दार बंद होतं. गोठ्याकडून दबका आवाज आला, "मागल्या दारानं ये."

साळूबाईच्या मुठीत तांदूळ होता. "धर. पदरात घाल. ताट नगं मला, आन् सांगू नगं कुणाला."

"पुढच्या दारातनं दे, काकू."

"न्हाई गं जमायचं. आमाला हितंच ऱ्हायाचंय."

"आन् आमाला कुटं ऱ्हायाचंय?"

साळूबाईने मूठ तशीच पुढे धरून ठेवली. रेश्माला रडू येत होतं, पण त्या बाईसमोर रडायचं नव्हतं. ती वळली आणि तांदूळ साळूबाईच्या मुठीतच राहिला.

स्टँडवरच्या दुकानातून तिने दोन किलो इंद्रायणी घेतला, पिशवी फाडून टोपलीत ओतला आणि फाटकी पिशवी गटारात टाकली. चोरी केल्यासारखं वाटलं तिला.

"झाली अकरा?" रूथबाई सूप मांडीवर घेऊन वाटच बघत होती.

"झाली."

"साळू काय म्हनली?"

"मुरड बिघडलीय म्हनली."

रूथबाई खुदकन हसली. तिने टोपली सुपात उलटी केली, तांदळात बोटं घातली, दाणे चिमटीत फिरवले. मग बोटं थांबली. तिने पुन्हा खालून वर तांदूळ उपसला, नाकाशी नेला.

"म्हसूचा आंबेमोहर कुटाय?"

"हाय की त्यातच."

म्हातारीने हात झटकून सूप मांडीवरून खाली ठेवलं. बाहेर मोटरसायकलचं इंजिन घुरघुरत होतं.

"काठी दे माझी," ती म्हणाली.

दिवेलागण झाली होती. घराघरांत टीव्ही चालू होते. रूथबाई काठी टेकत समोरच्या दारापुढे उभी राहिली.

"साळूऽ! उद्या जेवाया ये गं!"

आतला टीव्ही एकदम बंद झाला. दार उघडलं नाही.

"आई, चल घरी," रेश्मा कुजबुजली. रूथबाई पुढल्या घराच्या दाराशी गेली होती.

"कोंडिबा! उद्या जेवाया ये रं! धोंडाबाई! नातवाला घिऊन ये!"

एकेक करून टीव्ही गप्प होत गेले. अकरावं दार झालं तेव्हा गल्लीत नुसतं इंजिन ऐकू येत होतं.

"समद्यांनी आयकलं का?"

"आयकलं, आई."

"मंग झालं. बोलावनं आपल्याकडनं राहाया नगं."

ती घराकडे वळली. मोटरसायकल मधोमध आडवी येऊन थांबली होती आणि तिचा दिवा दोघींच्या तोंडावर होता. रूथबाईला तो दिसत नव्हता. ती काठी टेकत सरळ त्याच्याकडे चालत राहिली. रेश्माने तिचा दंड धरला. मागे ओढायला धरला होता, पण म्हातारी थांबेना, तेव्हा तीही चालू लागली.