खंडेनवमीला धुतलेला स्पंज

मित्रांनो, मी एक जुना, काळपट स्पंज फिल्टर आहे. माशांच्या टाकीच्या कोपऱ्यात बुडबुडे सोडत बसणे हा माझा धंदा. मला बघून कुणी 'किती छान' म्हटल्याचं आठवत नाही. छान म्हणतात ते माशांना.

माझी तीन वर्षं पिंपळे गुरवला इकबालभाईंच्या मत्स्यालयाच्या दुकानात गेली. तिथेच माझ्या छिद्राछिद्रांत जिवाणूंची वस्ती झाली. मासे जे खातात त्याचं पुढे काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यातून पाण्यात अमोनिया नावाचं विष उतरतं. माझे रहिवासी ते विष खातात. दुसऱ्याची घाण खाऊन जगणारी मंडळी, पण अत्यंत सज्जन.

नव्या टाकीत अशी वस्ती नसते. ती आपोआप बसायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून विजयश्री मॅडमनी चाकणच्या आपल्या वर्कशॉपमध्ये नवी टाकी मांडली, तेव्हा इकबालभाईंनी चार डिस्कस माशांबरोबर मलाही पाठवलं. डिस्कस म्हणजे ताटलीसारखा गोल, लाल-निळ्या रेघांचा मासा. दिसायला नवरदेव, नखरे जावयाचे.

"मॅडम, याला नळाखाली धुवायचं नाही," इकबालभाई म्हणाले. "अगदीच तुंबला, तर टाकीतल्याच पाण्यात हलका पिळायचा."

"हो हो," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. निरोप तिथेच थांबला.

टाकी सांभाळायची होती किसनने. किसन परभणीकडचा. आधीच्या नोकरीत पत्रा कापणाऱ्या प्रेसने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं एका दणक्यात नेली होती. दणक्याचा आवाज रोजच्यासारखाच आला, असं तो सांगायचा. त्यामुळे काय झालं ते त्याला खाली बघेपर्यंत कळलं नाही. त्यानंतर त्याला कुणी मशीनजवळ उभं करीना. मॅडमनी गेटवर ठेवलं आणि वर मासे दिले.

"काय किसनमामा, आज माशांची कितवी शिफ्ट?" वर्कशॉपमधली पोरं विचारायची.

"हसा," किसन म्हणायचा. "तुमचं मशीन मेलं तर मेकॅनिक येतो. माझे मासे मेले, तर मला एसटीत बसून गावाकडं जावं लागंल."

दहाव्या दिवशी खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या पट्ट्यात कुणी मशीन चालवत नाही. लेथला आंघोळ, ड्रिलला आंघोळ, प्रेसला झेंडूची माळ. ज्या प्रेस माणसांची बोटं खातात, त्यांनाही पेढा ठेवतात. किसनला मशीन उरलं नव्हतं. हळदकुंकवाची वाटी घेऊन तो शेडभर फिरला आणि शेवटी माझ्यासमोर उभा राहिला.

"हे बी मशीनच हाय की," तो म्हणाला. "आन् किती मळलंय बिचारं."

मित्रांनो, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो जंतू मारायला घातलेला असतो आणि मारण्यापूर्वी कुणाची ओळख विचारत नाही. किसनने मला धारेखाली धरून तीन वेळा पिळलं. तीन वर्षांची वस्ती, लेकराबाळांसकट, तपकिरी पाणी होऊन मोरीत गेली. उरले ते जागच्या जागी मेले. पाणी स्वच्छ निघाल्यावर किसनने मला नमस्कार केला आणि कुंकवाचं बोट माझ्या प्लॅस्टिकच्या टोपणाला लावून मला परत टाकीत सोडलं. कत्तलीनंतर इतक्या प्रेमाने टिळा लागलेला दुसरा कुणी माझ्या पाहण्यात नाही.

तिसऱ्या दिवशी विष चढलं. अमोनिया आधी कल्ले भाजतो. चारही मासे काळे पडले आणि पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. सर्वांत धाकटा तर पिसाळला. आतून भाजणारा जीव पळतो, पण टाकीत पळून जाणार कुठे? तो काचेवर धडकला. मागे गेला, पुन्हा धडकला. किसन काचेला तळवा लावून म्हणत होता, "नको रे, नको." चौथ्या धडकेनंतर धाकट्याचं ओठाचं कातडं लोंबत होतं आणि तो आडवा झाला होता.

इकबालभाई धावत आले. त्यांनी कुपीत टाकीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब सोडले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी गर्द हिरवं झालं, म्हणजे अमोनिया भरपूर.

"स्पंज कुणी धुतला?"

"मी," किसन म्हणाला. "तीन पाण्यांनं. खंडेनवमी व्हती."

"भाऊ, तू आख्खं गाव धुऊन काढलंस."

"यांनी मला सांगितलं होतं," मॅडम खाली बघत म्हणाल्या. "मीच तुला सांगायची राहिले."

"तरी हात माझाच लागला ना मॅडम. उरलेले तीन गेले, तर मी माझी पिशवी भरतो."

इकबालभाईंनी दुकानातून माझाच एक भाऊबंद आणला होता, माझ्याहून मळका. तो त्यांनी सरळ टाकीत पिळला. पाणी गढूळ झालं. किसनने डोळे मिटून घेतले. ती घाण माझ्या रिकाम्या छिद्रांत शिरली आणि ओसाड गावात पुन्हा चुली पेटल्या. पण चार घरांनी गाव होत नाही. तोवर विष माणसानेच उपसायचं होतं. रोज अर्धी टाकी काढायची, क्लोरीन उडावा म्हणून ड्रममध्ये एक दिवस हवा सोडून मुरवलेलं, ऊब दिलेलं पाणी तेवढंच भरायचं, खाणं चिमूटभर. किसनने आठ बोटांनी बादल्या उचलल्या, एक दिवसही न चुकता. बादलीची कडी तुटक्या बोटांच्या जागी रुतून रक्त यायचं. तो फडकं गुंडाळायचा आणि पुढची बादली घ्यायचा. पोरं हसायची थांबली; एकाने तर ड्रम भरून ठेवायला सुरुवात केली.

बादल्या सुरू झाल्याच्या चोविसाव्या दिवशी त्याने घाबरून फोन लावला.

"इकबालभाई, मोठा मधल्याला मारायलाय. नुसत्या धडका. खवले उडालेत. मधला बी उलटा चावतोय."

पलीकडून हसू आलं. "अरे भावा, खाण्यावरून भांडतायत ते. आजारी मासा कधी कुणाला मारतो का? कुपीतलं पाणी बघ."

किसनने पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळंच राहिलं. मग त्याने स्टूल ओढलं आणि ती मारामारी शेवटपर्यंत बघितली, पोरांची कुस्ती बघणाऱ्या बापासारखी.

मित्रांनो, मळकं काही दिसलं की तुमचे हात शिवशिवतात, हे मला माहीत आहे. तुमचं मन चांगलंच असतं; किसनचंही होतं. एवढंच करा, पाण्याखाली धरण्याआधी विचारा, की इथे कोणी राहतं का.