सिमेंटमागचा खांब

मी ओकचा खांब बोलतोय. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, आमच्या गावात चर्चच्या उतारावर एक जोडघर आहे. त्याची मधली भिंत जिथे रस्त्याकडच्या भिंतीला मिळते, तिथे मी उभा. डाव्या कानाने एका घरातल्या एनिडचं ऐकतो, उजव्या कानाने तिच्या शेजारी बर्नार्डचं. चोरून नाही हं. मला जायला दुसरी जागाच नाही.

मला ओला असतानाच तासलं आणि लाकडी खुंट्या ठोकून बसवलं. कुठला तुकडा कुठे, ते चुकू नये म्हणून सुताराने पोटावर छिन्नीने खूण केली. ती अजून आहे. तेव्हा हे एकच घर होतं. मागाहून त्याची दोन झाली. भिंती कुडाच्या, वर चुन्याचा गिलावा. पावसात भिजायचो, वाऱ्यावर सुकायचो. चारशे वर्षं तक्रार नव्हती.

मग तीस वर्षांपूर्वी एनिडच्या नवऱ्याने, रोनाल्डने, रस्त्याकडच्या भिंतीवर सिमेंट थापलं. "सुटलो चुन्याच्या कटकटीतून!" म्हणाला, आणि दाराशेजारी ओल्या सिमेंटवर पंजा उठवला. तो गेला, पंजा राहिला. एनिड येता-जाता त्यावर हात ठेवते.

पुढे सिमेंटला भेग पडली. पाणी आत शिरलं ते बाहेर पडेना. माझा पाय कुजू लागला. दोन्ही घरांत ओल आली, आणि संशयही.

"बर्नार्ड, तुझं पावसाच्या पाण्याचं पिंप गळतंय."

"पिंप ठणठणीत आहे! तूच टबात तासभर डुंबतेस."

"म्हणजे भिंतीला कान लावून बसतोस तर!"

कुंपणावरून येणारा-जाणारा मुरंबा बंद झाला. एनिड गुपचूप पिंपावर पाण्याच्या पातळीची खडूने खूण करी. बर्नार्ड घड्याळ लावून तिचा नळ ऐके. मला विचाराल, तर बर्नार्ड काहीतरी लपवतोय असा माझा संशय. सिमेंटचा विषय निघाला की हा खाकरतो कशाला?

शेवटी जुन्या घरांची कामं करणारी मॉड आली. तिने भिंत ठोकून पाहिली. "पिंप नाही, टबही नाही. हे सिमेंट उतरवा. नाहीतर खांब खचेल आणि दोघांनाही घर सोडावं लागेल."

एनिड पंजासमोर आडवी उभी राहिली. "माझ्या रोनाल्डवर आळ घेऊ नकोस."

बर्नार्ड खाकरला. "माझ्यावर घे. तो चुनाच लावणार होता. पबमध्ये बसून सिमेंटचं खूळ त्याच्या डोक्यात मी घातलं."

"आणि इतकी वर्षं गप्प बसलास?"

"रोज तुझा हात तिथे असायचा, एनिड. कसं सांगणार होतो?"

मॉडची हातोडी घेऊन एनिडने ती त्याच्या हातात कोंबली. "पहिला घाव तू घाल. पंजा सोडून."

पंजाचा तुकडा आता एनिडच्या खिडकीत आहे. माझा कुजका पाय कापून नव्या ओकचा जोडलाय. अजून अनोळखीच वाटतो. बाहेर चुना आहे. तो ही दोघं मिळून फासतात, भांडत भांडत.

उद्या तुम्ही इथे राहायला आलात, तर एवढंच करा. भिंतीच्या गिलाव्यासाठी पोतं आणाल, तेव्हा त्यावर काय लिहिलंय ते दारातच मोठ्याने वाचा. मी ऐकतोय.